संधिवात, संगणक आणि मेंढीकोट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, शिवकालीन दुर्गांवर आणि नाट्यसंगीतावर भाषणे झाली. त्या पंक्तीत ‘सांधे दुखत असताना संगणकावर खेळावे कसे’ हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पुरणपोळीच्या पानात चुरमुरे वाढण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. चिटणिसांनी आम्हांस ‘केंद्रीय सेवेतील तीस वर्षे’ हा विषय सुचविला होता. परंतु त्या तीस वर्षांतील ज्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत त्या बहुतेक गोपनीय आहेत आणि ज्या गोपनीय नाहीत त्या ऐकण्यासारख्या नाहीत. यास्तव आम्ही विषय बदलून घेतला.

आम्ही मूळचे सांगलीचे. थोरले बंधू, दादा, अजून तेथेच आहेत. आक्का लग्न होऊन बडोद्यास गेली ती तेथलीच झाली. आमची कन्या नोकरीनिमित्त बंगळूरला असते, आणि आम्ही बदल्यांच्या ओघात वाहत वाहत या रांचीस येऊन लागलो. आपणांपैकी बहुतेकांच्या घरचा नकाशा याहून फारसा निराळा नसावा. २०२० च्या टाळेबंदीत कन्येने चारी घरच्या संगणकांवर मेंढीकोट लावून दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी रात्री साडेनऊ वाजता आमचे कुटुंब पत्त्यांभोवती जमू लागले. नुसत्या टेलिफोनवर भावंडांचे बोलणे ‘बरे आहे ना, पाऊस काय म्हणतो’ यापलीकडे जात नाही. पण आक्काने दादांची मेंढी पकडली की पन्नास वर्षांपूर्वीचे भांडण जसेच्या तसे वर येते, आणि भांडणामागून साऱ्या जुन्या गोष्टी येतात. वहिनी गेल्यापासून दादा एकटे राहतात. त्यांच्या आठवड्यात शनिवारचे स्थान काय आहे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

आता, मेंढीकोटाला चार हात लागतात. दोन वर्षांपूर्वी आक्काने पाने टाकणे सोडले. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, माउस धरवत नाही, असे तिचे म्हणणे. सहा-सात शनिवार खेळ बंद राहिला. त्या दिवसांत दादांना विचारले, तर ‘काही नाही, लौकर झोपलो’ असे उत्तर मिळाले. दादा उभ्या आयुष्यात साडेअकराच्या आत झोपलेले नाहीत. बडोद्याच्या एका दवाखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) आक्कास सांगण्यात आले होते की, आता या वयात खेळबीळ कशाला, सोडून द्या. त्याच हिवाळ्यात आमच्याही उजव्या हाताने तक्रार सुरू केली. तेव्हा आम्ही आक्काचा हात पुन्हा डावात आणण्याच्या हेतूने काही वाचले, जाणकारांना विचारले आणि बरेचसे करून पाहिले. ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम रोगाविषयी थोडे. ‘संधिवात’ या एका शब्दाच्या गाठोड्यात आपण अनेक रोग बांधून ठेवतो. त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे झिजेचा संधिवात, ज्यास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि ज्याच्याशी आयुर्वेदातील संधिगत वाताचे वर्णन पुष्कळसे जुळते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते विरत जाते, खालचे हाड कडांनी वाढू लागते आणि सांध्याच्या आतील आवरणही अधूनमधून सुजते. गुडघ्यांचा संधिवात सर्वांस ठाऊक असतो, कारण तो जिन्यावर सर्वांसमक्ष दिसतो. हाताचा मात्र घरातच राहतो. तो बहुधा तीन ठिकाणी बसतो: बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांत, मधल्या सांध्यांत आणि अंगठ्याच्या अगदी मुळाशी, मनगटालगत. टोकाजवळच्या सांध्यांवर ज्या कठीण गाठी येतात त्यांस विल्यम हेबर्डन या अठराव्या शतकातील इंग्रज वैद्याचे नाव आहे. आमच्या मातोश्रींच्या बोटांवर त्या होत्या. त्यांनी हेबर्डनचे नाव कधी ऐकले नाही. त्या त्यांना ‘वाताच्या गाठी’ म्हणत आणि त्याच बोटांनी गणपतीस एकवीस मोदकांच्या पाकळ्या काढीत. या गाठी घराण्यातून उतरतात, हे आता मान्य झालेले आहे. आम्हां भावंडांस सांगलीच्या घराचा वाटा मिळण्यापूर्वीच हा वाटा मिळाला. स्त्रियांना, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा विकार अधिक होतो. मोदकाची पाकळी, बरणीचे झाकण, पिळावयाचे लुगडे आणि नळाची तोटी या चारही गोष्टी अंगठ्याच्या मुळावर येतात. घरातील बाईने ‘मला झाकण उघडून द्या’ म्हटले तर ते लाडाने म्हटलेले नसते.

एक समज दूर करावासा वाटतो. बोटे मोडल्याने संधिवात होतो असे आम्हांस लहानपणी सांगितले जाई. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड उंगर नामक डॉक्टरांनी साठाहून अधिक वर्षे केवळ एकाच हाताची बोटे मोडली, दुसऱ्या हाताची मोडली नाहीत, आणि शेवटी दोन्ही हातांत फरक नाही असे जाहीर केले. त्यांस २००९ साली इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. एका माणसाच्या दोन हातांनी शास्त्र सिद्ध होत नाही, परंतु असा चिवटपणा आमच्या खात्यात असता तर किती प्रलंबित प्रकरणे निकालात निघाली असती!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. खेळताना दुखते ते खेळामुळे दुखते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ‘सोडून द्या’ हा सल्ला तिच्यातूनच निघतो. वस्तुतः दुखते ते धरण्यामुळे. १९७७ साली कूनी आणि चाओ या अमेरिकेतील संशोधकांनी अंगठ्यावरील बलांचे गणित मांडले. चिमटीच्या टोकाशी आपण जेवढा दाब देतो, त्याच्या सुमारे बारा पट दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो असे त्यांत आढळले. म्हणजे टोकाशी एक किलो, तर मुळाशी बारा. घट्ट मुठीत तर तो आकडा कितीतरी वाढतो. आता माउसकडे पाहावे. लहान आकाराचा माउस आपण अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत पकडतो. पत्ता उचलून पटावर नेऊन टाकावयाचा म्हणजे तर्जनीने कळ दाबून धरावयाची, ती सुटू नये म्हणून चिमटी आवळावयाची आणि त्याच स्थितीत हात सरकवावयाचा. एका डावात तेरा पाने. रात्रीत दहा डाव झाले तर ही कसरत एकशे तीस वेळा होते. आक्काचा अंगठा मेंढीकोटाने नव्हे, या एकशे तीस चिमट्यांनी दुखत होता.

हातात धरून खेळावयाच्या कंट्रोलरची कथाही अशीच आहे. पूर्वीच्या खेळयंत्रांना उभी दांडी असे आणि ती सबंध हाताने हलवीत. १९८२ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गुन्पेई योकोई यांनी ‘डाँकी काँग’ या खिशात मावणाऱ्या खेळासाठी क्रूसाच्या आकाराची चपटी कळ योजिली. युक्ती अप्रतिम होती, पण दिशा बदलण्याचे सारे काम तिने डाव्या अंगठ्यावर सोपविले. १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात, सलग पाच तास खेळून अंगठा दुखावलेल्या एका पस्तिशीतील बाईची हकीकत ‘निन्टेन्डिनायटिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा आजार स्नायूच्या दोरीचा होता, सांध्याचा नव्हे. तरी अंगठ्यावर किती भार आला होता ते त्यावरून समजते.

तेव्हा पहिला उपाय साधन बदलण्याचा. आक्काकरिता आम्ही ट्रॅकबॉल नावाचे उपकरण मागविले. यांत उपकरण जागचे हलत नाही. वर बसविलेला गोळा फिरविला की पडद्यावरील बाण फिरतो. ही कल्पना माउसहूनही जुनी आहे. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी ती सिद्ध झाली तेव्हा गोळा म्हणून चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. मात्र येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ट्रॅकबॉल दोन जातींचे मिळतात. एकात गोळा बाजूस असतो आणि तो अंगठ्याने फिरवावा लागतो. आमच्यासारख्यांनी तो घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. गोळा मधोमध असलेला, बोटांनी अथवा तळव्याने फिरवावयाचा, असाच मागून घ्यावा. उभ्या बांध्याचा माउसही मिळतो. त्याने मनगटाचा पीळ कमी होतो हे खरे, परंतु अंगठ्याची पकड सुटत नाही, म्हणून अंगठ्याचे मूळ दुखणाऱ्यांस आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

नवे काही घ्यावयाचे नसेल तर घरच्या संगणकातच काही सोयी दडलेल्या असतात, आणि त्यांस छदाम पडत नाही. विंडोज प्रणालीत माउसच्या मांडणीत ‘क्लिकलॉक’ नावाची सोय आहे. ती चालू केली की कळ क्षणभर दाबून सोडावी. संगणक ती दाबलेलीच आहे असे समजतो, आणि पुन्हा दाबीपर्यंत पत्ता आपल्यामागून येतो. चिमटी आवळण्याचे कारण उरत नाही. तसेच बाणाचा वेग वाढविला तर हात वीतभर फिरावयाचा तो दोन बोटे फिरतो. एकाच वेळी दोन-तीन कळा दाबणे जमत नसेल तर ‘स्टिकी कीज’ आहे. त्याने कळा एकामागून एक दाबल्या तरी चालते. शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की ही सोय स्वतःच पुढे येऊन विचारते. अनेकांना ती उपद्रव वाटते आणि ते चिडून बंद करतात. पुढल्या खेपेस एवढे लक्षात असावे की ती कोणाच्या तरी हातांसाठी ठेवलेली आहे.

ज्यांस मुलानातवंडांबरोबर मोटारशर्यती किंवा चेंडूफळीचे खेळ खेळावयाचे आहेत, त्यांच्यासाठीही बरेच झालेले आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ‘अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ काढला. हाती धरावयाचाच नाही. मांडीवर अथवा मेजावर ठेवावयाचा. त्यावर तळव्याने दाबता येतील अशा दोन मोठ्या गोल कळा आहेत, आणि मागील कडेस १९ छिद्रे असून त्यांत पायाने दाबण्याची पट्टी, कोपराने दाबण्याचे बटण, जे सोयीचे ते जोडता येते. सोनीने २०२३ च्या अखेरीस त्याच जातीचा, मेजावर सपाट बसणारा ‘अॅक्सेस’ कंट्रोलर आणला. किंमत हलकी नाही आणि झिजेच्या संधिवातास दर वेळी एवढ्या मोठ्या तोफेची गरज पडत नाही. साधा कंट्रोलर हातांत लटकत न ठेवता मांडीवरील उशीवर टेकविला तरी निम्मा भार उतरतो, असा आमचा अनुभव आहे. मोबाइलचेही तेच. तो एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने खेळणे हे अंगठ्याशी उघड वैर आहे. आमच्या मेजावर पोथी वाचण्यासाठी असते तशी लहानशी लाकडी घोडी आहे. मोबाइल तिच्यावर उभा राहतो आणि कॅरमचा स्ट्रायकर आम्ही तर्जनीने मारतो.

खेळाची निवड हा दुसरा भाग. क्षणार्धात कळा बडवावयास लावणारे खेळ आम्ही तरुणांस सोडून दिले आहेत, आणि सांधे निरोगी असते तरी सोडले असते. पाळीपाळीने खेळावयाचे खेळ आपल्या हातांस आणि, खरे सांगावयाचे तर, आपल्या स्वभावासही अधिक मानवतात. बुद्धिबळाचेच पाहा. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या घरी पट पुन्हा निघाला आहे. संगणकावरील ‘लिचेस’ या विनामूल्य पटावर मोहरा ओढीत न्यावा लागत नाही; मोहऱ्यास स्पर्श करावा, मग घरास स्पर्श करावा, चाल झाली. एका चालीस काही दिवसांची मुदत ठरवूनही डाव लावता येतो. शासकीय नोकरास हा वेग अगदी ओळखीचा वाटतो. शर्यतीच्या खेळांतही सोयी असतात. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ या २०१७ च्या खेळात गाडी आपोआप वेग घेईल अशी योजना आहे, त्यामुळे कळ दाबून धरावी लागत नाही. पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा सुट्टीत आला म्हणजे आम्ही त्याच्याबरोबर या खेळात हरतो, पण अंगठा शाबूत ठेवून हरतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस, भाग दोन’ या खेळात तर अशा साठाहून अधिक सोयी दिलेल्या होत्या. तो खेळ आम्ही खेळलेलो नाही. त्यातील मारधाड आमच्या सौभाग्यवतींस खपणार नाही. पण कोणताही नवा खेळ उघडल्यावर आधी ‘अॅक्सेसिबिलिटी’ या शीर्षकाखाली काय आहे ते पाहण्याची सवय त्यामुळे लागली. ‘दाबून धरा’च्या जागी ‘एकदा दाबा’ असा पर्याय तेथे बहुधा सापडतो.

आता हातांविषयी. कूर्चेस रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि तो द्रव सांधा हलल्याने खेळता राहतो. म्हणजे हात बांधून बसणे हा उपाय नव्हे. सोसेल इतकी हालचाल हवी, घट्ट पकड नको. रांचीच्या थंडीत आम्ही खेळण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवतो, आणि त्याच पाण्यात मूठ उघडणे-मिटणे, अंगठा एकेका बोटाच्या टोकास टेकविणे, असे सावकाश करतो. ज्यांस मधुमेहाने हातांत बधिरता आली असेल त्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून पाहून घ्यावी. वीस-पंचवीस मिनिटांनी हात सोडावेत. आमच्या डावात ही सुट्टी दादा देतात, कारण त्यांस त्या वेळी तपकीर लागते. अंगठ्याच्या मुळास आधार देणारी पट्टी मिळते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात तिची ठामपणे शिफारस केली आहे. पण ती मापाची हवी आणि फिजिओथेरपिस्ट अथवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून बसवून घ्यावी. दुकानात टांगलेली सर्वांच्या मापाची पट्टी कोणाच्याच मापाची नसते. दुखऱ्या सांध्यावर चोळावयाचे डायक्लोफेनॅकचे मलम डॉक्टर बहुधा आधी सुचवितात. पोटात घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिघांशी त्यांचे वाकडे आहे. आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत करून देण्याचे जो कोणी आश्वासन देतो, त्याच्यापासून आपली पुरचुंडी सांभाळावी.

प्रत्येक दुखणे झिजेचेच असते असे नाही. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांच्या मुठीच्या सांध्यांवर मऊ, ऊन सूज असेल, अंग मोडून येत असेल, तर तो ऱ्हुमॅटॉइड म्हणजे निराळाच आणि तातडीने उपचार मागणारा रोग असू शकतो. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटात दबलेली शीर हे कारण असू शकते. अशा वेळी ट्रॅकबॉल मागविण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे.

काही सभासद म्हणतील, आणि एकदोघांनी चहाच्या वेळी म्हटलेही, की पन्नाशी-साठी उलटलेल्यांनी खेळण्यासाठी एवढा खटाटोप करावा काय? आम्ही त्यांस विचारतो, की चष्मा लागला म्हणून कोणी वाचन सोडले आहे काय? गुडघे दुखतात म्हणून देवळात खुर्ची मांडून घेणाऱ्यास आपण हसत नाही. मग दादांस शनिवारी साडेनऊला तिघे भेटावेत यासाठी तीन हातांची जी सोय करावी लागेल ती करणे, हे आम्हांस रजेचा अर्ज भरण्याइतके साधे काम वाटते. आक्काचा ट्रॅकबॉल बडोद्यास पोहोचला त्या शनिवारी तिने पहिल्याच डावात दादांच्या दोन मेंढ्या पकडल्या. दादांनी यंत्रात लबाडी आहे असा आरोप केला, आणि तो आजतागायत मागे घेतलेला नाही.

आमच्याजवळचा ट्रॅकबॉल, मोबाइलची ती घोडी आणि क्लिकलॉक लावलेला एक संगणक शेजारच्या कॅरमच्या खोलीत मांडून ठेवला आहे. चहा झाल्यावर ज्यांस हात लावून पाहावयाचा असेल त्यांनी तेथे यावे. भगिनींनी आधी यावे, अशी विनंती आहे. मेंढीकोटास तीन हात जमलेच तर चौथा आमचा धरावा.